नामचेहून डावीकडे वळा: थामे, रेंजो ला, गोक्यो आणि फोर्त्सेचा सोळा दिवसांचा फेरा

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक आता महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला आहे. पुण्या-मुंबईहून दर हंगामात गटच्या गट लुक्ल्याला उतरतात, आठ-नऊ दिवसांत गोरक्षेप गाठतात, ५,३६४ मीटरवर फोटो काढतात आणि माघारी फिरतात. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, कारण पर्वताचा पश्चिम खांदा आणि नुप्त्से मध्ये येतात. हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं, आणि तोवर रजा संपत आलेली असते.

थोड्या जास्त रजेत खुंबूचा, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा प्रदेशाचा, वेगळा आणि आमच्या मते कितीतरी समृद्ध भाग पाहता येतो. नामचेपर्यंत वाट तीच. तिथून सगळे उजवीकडे तेंगबोचेला जातात, आपण डावीकडे थाम्याला वळायचं. पुढे रेंजो ला ओलांडून गोक्योची सरोवरं, मग फोर्त्से आणि पांगबोचे करून पुन्हा नामचे. शेर्पा आणि तिबेटी बोलीत ‘ला’ म्हणजे खिंड. या फेऱ्यात बेस कॅम्प नाही, तो जाणूनबुजून सोडला आहे. ज्यांना तो हवाच असेल त्यांनी आणखी पाच दिवस धरावेत. सोळा दिवसांत दोन्ही कोंबू नये.

आधी उंचीचा हिशेब

सह्याद्रीत पन्नास किल्ले केलेल्या माणसाचे पाय तयार असतात, पण उंचीची सवय त्याला नसते. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, नामचे ३,४४० मीटर. म्हणजे खरा ट्रेक सुरू होण्याआधीच आपण कळसूबाईच्या दुपटीवर झोपतो. रेंजो लाच्या माथ्यावर, ५,३६० मीटरवर, एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. भरभर चढणारे तरुण इथे जास्त आजारी पडतात, कारण दम त्यांना थांबवत नाही आणि डोकेदुखी संध्याकाळी येते.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एकाच ठिकाणी दोन रात्री काढायच्या. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला यावं, त्याने शरीर लवकर सरावतं. पुढचं वेळापत्रक याच हिशेबाने बसवलं आहे.

पहिली रात्र फाकदिंग (२,६१० मीटर), मग दोन रात्री नामचे, दोन रात्री थामे (३,८००), एक मारलुंग (४,२१०), एक लुंगदेन (४,३८०), रेंजो ला ओलांडून दोन रात्री गोक्यो (४,७९०), एक ना (४,४००), एक फोर्त्से, दोन वरचं पांगबोचे, एक नामचे, एक लुक्ला. सोळाव्या दिवशी विमान. याखेरीज दोन दिवस राखीव ठेवायचे. नकाशागणिक उंचीचे आकडे वीस-तीस मीटरनी बदलतात, त्याची काळजी करू नका.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणं, चक्कर किंवा विचित्र थकवा, यातलं काहीही असलं तर ती उंचीचीच बाधा समजायची. त्या रात्री वर जायचं नाही. बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. माणूस सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालू शकत नसेल, बडबडत असेल किंवा बसल्या जागी धाप लागून ओला खोकला येत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. पहिल्या प्रकारात मेंदूला सूज आलेली असते, दुसऱ्यात फुप्फुसात पाणी होत असतं. दोन्हींवर खरा उपाय एकच, अंधारातही निदान ५०० ते १,००० मीटर खाली उतरणं. सोबत कुणीतरी असलंच पाहिजे.

अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स बरेच जण घेतात. प्रतिबंधासाठी नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे तिचे ठरलेले परिणाम आहेत, त्याने घाबरू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं मात्र सध्या फार स्तोम माजलं आहे. गार बोटावर तो हमखास चुकीचा आकडा दाखवतो, आणि आकडा चांगला म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करणारे आजारी पडतात. भूक लागते का, झोप लागते का, डोकं दुखतं का, हे तीन प्रश्न रोज संध्याकाळी एकमेकांना विचारा.

कधी, कशी तयारी

ऑक्टोबरची सुरुवात ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा हा या फेऱ्याचा उत्तम काळ. हवा स्वच्छ असते आणि खिंडीत बर्फ कमी असतो. एप्रिल-मेमध्ये तेंगबोचे-देबोचेच्या रानात गुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतात, मात्र दुपारी ढग लवकर चढतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत ताज्या बर्फामुळे खिंड कधीही बंद होते आणि लुंगदेनच्या बाजूचे लॉज कुलूपबंद असतात.

तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा दहा किलोची सॅक पाठीवर घेऊन चढा. बारी गावातून कळसूबाई हा चांगला सराव आहे, साधारण ९०० मीटरची सलग चढण मिळते. पुणेकरांनी आतकरवाडीच्या वाटेने एकाच सकाळी सिंहगड दोनदा करावा. उतरण्याचा सरावही तितकाच महत्त्वाचा. गुडघे जातात ते उतारावर.

काठमांडू ते लुक्ला विमानात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो धरली जाते. गर्दीच्या महिन्यांत विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थली विमानतळावरून सुटतात. मग काठमांडूतून मध्यरात्री एक-दोनला निघून चार-पाच तास गाडीने जावं लागतं. तिकीट काढतानाच कुठलं विमानतळ ते विचारून घ्या. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढती आहे, ढग आले की उड्डाणं थांबतात, म्हणून सकाळचं पहिलं-दुसरं विमानच घ्यावं.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानप्रवासाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसतं आधार कार्ड घेऊन निघू नका. खुंबू पासाङ्ल्हामु गाउँपालिकेचा परवाना लुक्ल्याला निघतो आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट मोंजोला. उद्यानाच्या तिकिटाला सार्क देशांच्या नागरिकांसाठी वेगळा दर आहे, १,५०० नेपाळी रुपये आणि वर १३ टक्के व्हॅट. इतर परदेशी लोकांना ३,००० पडतात. ओळखपत्र हातात नसलं तर हा फरक मागता येत नाही.

पैसे नेपाळी नोटांत न्या. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे. एटीएम लुक्ला आणि नामचेत आहेत, नेमक्या गरजेच्या दिवशी त्यांत रोकड असेलच असं नाही. थाम्यापासून फोर्त्सेपर्यंत सगळा व्यवहार रोख समजून नामचेतच हिशेब करून घ्या. लॉजमध्ये खोलीचं भाडं कमी ठेवलेलं असतं ते तुम्ही जेवण तिथेच घ्याल या भरवशावर. एकीकडे झोपून दुसरीकडे जेवणं तिथे रीतीला धरून नाही.

विमा काढताना ६,००० मीटरपर्यंतची हेलिकॉप्टर सुटका त्यात लिहिलेली आहे का ते वाचा. ४,००० किंवा ५,००० मीटरची मर्यादा असलेली पॉलिसी गोक्योत कामाची नाही.

सामानाची मोठी यादी देत नाही. जे विसरलं तर ट्रेक अडतो तेवढंच सांगतो. उणे १० ते १५ अंश सोसणारी स्लीपिंग बॅग, कारण नोव्हेंबरात गोक्योच्या रात्री तितक्याच गार असतात. रुळलेले, निदान शंभर किलोमीटर चाललेले बूट. बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक. बाजूने बंद असलेला गडद गॉगल, नाहीतर बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस आंधळा होऊन बसतो. हेडलॅम्प आणि जादा सेल. नळीची पाण्याची पिशवी मात्र नेऊ नका. पहाटे सर्वांत आधी नळीतलं पाणी गोठतं आणि चढाईच्या ऐन वेळी पाणी बंद होतं. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घ्या आणि पहाटे त्या सॅकमध्ये उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. रात्री त्यात गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवलं की शेकोटीचं काम होतं.

पोर्टरवर २०-२५ किलोहून जास्त ओझं लादू नका आणि त्याच्याकडे खिंडीसाठी बूट, गॉगल, हातमोजे आहेत का ते नामचेतच पाहा. नसतील तर तिथेच भाड्याने किंवा विकत घेऊन द्या. रेंजो लाच्या पायथ्याशी ही चौकशी करून उपयोग नसतो. गाइडच्या सक्तीबद्दलचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. नियम काहीही असो, पहिल्यांदा खिंड ओलांडणाऱ्याने गाइड घ्यावाच.

नामचे आणि वरची दोन गावं

फाकदिंगहून नामचेचा दिवस लांब आहे, सहा-सात तासांचा. मोंजोनंतर दूधकोशीवरचे टांगते पूल ओलांडले की सलग ६०० मीटर चढण लागते. दूधकोशी खरोखर दुधट दिसते. हिमनद्या खडक दळतात आणि त्याचं पीठ पाण्यात उतरतं, म्हणून.

नामचेतल्या दुसऱ्या दिवशी खाटेवर पडून राहू नका. सकाळी सातला निघून स्याङ्बोचेच्या मातीच्या धावपट्टीवरून (३,७८० मीटर) खुमजुंग आणि खुंदे करून परत या. चालणं पाच तासांचं. एडमंड हिलरींनी १९६१ मध्ये सुरू केलेली शाळा खुमजुंगला आहे आणि १९६६ मधलं रुग्णालय खुंदेला. खुमजुंगच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, एका पेटीत यतीच्या डोक्याची म्हणून जपलेली शंकूच्या आकाराची कातडी आहे. १९६० मध्ये हिलरींनी ती परदेशी तज्ज्ञांना दाखवली, तेव्हा ती सेरो या डोंगरी बकऱ्याच्या कातडीची असल्याचं ठरलं. गावाने ती तरीही जपली आहे. पेटी उघडून दाखवतात, समोर दानपात्र असतं, त्यात यथाशक्ती घालावं. गावाच्या डोक्यावरचा खुंबिला (५,७६१ मीटर) हा खुंबूचा ग्रामदेव, त्यावर कुणी चढत नाही. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड चालत नाही, त्यातलीच ही रीत.

थामे

नामचेच्या गोम्पावरून पश्चिमेला निघणारी वाट चार-पाच तासांत थाम्याला पोचते. तासाभरात गर्दी विरते. बाजूने भोटेकोशी, वाटेत थामो गाव, देवदारासारखी उंच झाडं. थाम्याच्या शेवटच्या चढणीआधी वाट खाली उतरून एका अरुंद घळीवरच्या पुलावर येते. इथे मान वर करा. पलीकडच्या कड्यावर गुरू रिंपोचे (पद्मसंभव) आणि हिरवी तारा या बौद्ध देवतेची मोठाली चित्रं थेट खडकावर रंगवलेली आहेत. खाली नदी एवढी आवळलेली आहे की पाण्याच्या गर्जनेत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बहुतेक जण पुढच्या चढणीच्या धास्तीने खाली मान घालून पूल ओलांडतात आणि चित्रं हुकतात.

तेन्झिंग नोर्गे यांचं बालपण थाम्यात गेलं. एव्हरेस्टवर मे २०२५ पर्यंत ३१ वेळा चढलेले कामी रिता शेर्पा इथलेच. १६ ऑगस्ट २०२४ ला वरच्या थ्याङ्बो भागातलं हिमसरोवर फुटलं आणि आलेल्या लोंढ्याने गावातली घरं, शाळा आणि आरोग्य चौकी उद्ध्वस्त केली. त्यामुळे वाट आणि मुक्कामाच्या जागा बदललेल्या असू शकतात. नामचेत चौकशी करून, शक्य तर खोली ठरवूनच निघा. हे सारं ऐकून थामे टाळू नका. गावाला आज पाहुण्यांच्या पैशाची खरी गरज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोम्पा. गावाच्या वर कड्याला बिलगून तीनशेहून अधिक वर्षांचा मठ आहे, चढ सव्वाशे-दीडशे मीटरचा. दुपारी जेवताना रिकिकुर मागा. किसलेल्या बटाट्याची तव्यावरची जाड धिरडी, वर याकचं लोणी आणि मिरचीची चटणी. आपल्या उपासाच्या थालिपीठाच्या जवळचा प्रकार. करायला अर्धा तास लागतो, म्हणून पोचल्या पोचल्या सांगून ठेवा.

जेवणाबद्दल एक इशारा. धार्मिक श्रद्धेमुळे खुंबूत जनावर मारत नाहीत. नामचेच्या वरचं मांस कित्येक दिवस पाठीवरून आलेलं असतं. परत खाली येईपर्यंत डाळभातावर राहा. घरचं मेतकूट नेलं असेल तर त्याची किंमत इथे कळते. भूक मेलेली असताना गरम भात, लोणी आणि मेतकूट सहज जातं. पाणी उकळलेलं किंवा क्लोरिनच्या गोळीचं, दिवसाला तीन-चार लिटर.

रेंजो ला

मारलुंग आणि लुंगदेन या याकचारणीच्या वस्त्या. तिबेटातून नांगपा ला ओलांडून मीठ आणि लोकर येत असे ती जुनी व्यापारी वाट हीच. चालणं रोज तीन-चार तासांचंच आहे. दोन्ही एकाच दिवसात करायचा मोह होतो, तो आवरा. लुंगदेनला दुपारी जेवून खिंडीच्या वाटेवर दोन-तीनशे मीटर चढून परत या. त्याने रात्र बरी जाते, आणि पहाटे अंधारात जायची वाटही पाहून होते.

लुंगदेन ते गोक्यो मध्ये एकही लॉज नाही, पाण्याचीही खात्री नाही. आदल्या रात्रीच डबा सांगून ठेवा, दोन लिटर पाणी घ्या, पहाटे पाचच्या आत निघा. ९८० मीटर चढ, ५७० मीटर उतार, एकूण सात ते नऊ तास. पहिला टप्पा गवताळ उतारावरचा. दुसरा मोठ्या धोंड्यांच्या विस्तीर्ण दरीतला, तिथे लहान तळी लागतात. शेवटी दगडी पायऱ्या. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, पण वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा, असंच चढावं लागतं. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

माथ्यावर पताकांच्या मधून पलीकडे पाहिलं की पायाखाली गोक्योचं निळं-हिरवं सरोवर, त्याच्या काठावर काडेपेटीएवढं गाव, त्यामागे हिमनदीचा करडा पट्टा आणि क्षितिजावर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. पश्चिमेकडून चढल्यामुळे हे सगळं शेवटच्या पायरीपर्यंत झाकलेलं राहतं. उलट्या दिशेने येणाऱ्यांना हा देखावा सतत पाठीला असतो. फेरा या दिशेने करायचं हे मोठं कारण.

अपघात होतात ते इथून खाली. आदल्या दुपारी वितळलेलं पाणी रात्री पायऱ्यांवर गोठून काचेसारखा थर धरतं, आणि त्यावर भुरभुरीत बर्फ पडलं की तो दिसतही नाही. मायक्रोस्पाइक माथ्यावरच बसून चढवा. पहिल्यांदा पाय घसरल्यावर ते सॅकेतून काढू गेलं तर उभं राहायला जागा नसते. शिवाय सकाळी अकरानंतर वारा आणि ढग चढतात, म्हणून दहा-साडेदहाला माथा सोडलेला बरा. लुंगदेनला रात्री डोकं दुखलं असेल तर खिंडीत जाऊ नका. एक दिवस थांबा, तरी दुखलं तर आलेल्या वाटेने खाली या. खिंड ओलांडून झोपायचं ठिकाण अजून ४०० मीटर वर आहे, तिथे गेल्यावर बरं वाटण्याची आशा धरू नये.

गोक्यो: सरोवरं आणि त्यांच्या मागची हिमनदी

लोक गोक्योला येतात, गावालगतचं गोक्यो री हे शिखर चढतात आणि उतरतात. इथे पूर्ण एक दिवस द्यायचाच.

गावामागच्या बांधावर दहा-पंधरा मिनिटांत चढता येतं. हा बांध म्हणजे न्गोजुम्पा हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीची भिंत. पलीकडे एकदम खोल तुटतं आणि खाली करड्या राडारोड्याचं जग पसरतं. नेपाळमधली ही सर्वांत लांब हिमनदी, सुमारे ३६ किलोमीटर. पांढरंशुभ्र काही दिसत नाही, कारण बर्फ दगडांच्या गोधडीखाली झाकलेलं आहे. तिथे पंधरा मिनिटं गप्प बसा. ऊन चढलं की कुठेतरी खडे घरंगळतात, मग एखादा धोंडा सुटून डबक्यात पडतो, अधूनमधून बर्फ तडकल्याचा घुमणारा आवाज येतो. बांधाच्या कडेवर मात्र उभं राहू नका, ती खालून पोखरलेली असते.

सरोवरं सहा आहेत. पहिलं लोंगपोंगो, दुसरं तौजुंग, गावाजवळचं तिसरं दूधपोखरी. रेंजो लावरून येताना दूधपोखरीच दिसते. चौथ्या थोनाकला गावातून तास-दीड तास, पाचव्या न्गोजुम्बाला तीन तास. सहावं ग्याजुम्पा आणखी वर आहे, ते या फेऱ्यात सोडा. आमची शिफारस पाचव्याची. सकाळी साडेसहाला निघून दुपारी दोनपर्यंत परत. काठाजवळच्या टेकाडावरून एव्हरेस्ट गोक्यो रीपेक्षाही मोकळं दिसतं आणि चोयूची (८,१८८ मीटर) दक्षिण भिंत समोर उभी राहते. वाटेत दुकान नाही, खुणा म्हणजे दगडांच्या लगोऱ्या. धुकं आलं की चौथ्या सरोवरानंतर माणसं धोंड्यांत भरकटतात. एक लगोरी दिसेनाशी होण्याआधी पुढची दिसत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

ही सरोवरं २००७ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. हिंदू आणि बौद्ध दोघांनाही ती पवित्र, जनैपौर्णिमेला (आपल्या नारळी पौर्णिमेला) इथे यात्रा भरते. त्यामुळे पाण्यात उतरणं, भांडी-कपडे धुणं वर्ज्य. काठावर नारिंगी रंगाची बदकं दिसतील ती चक्रवाक. आपल्या उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात येणारा हाच पक्षी. त्यांच्यामागे फोटोसाठी धावू नका, या हवेत एक उड्डाण त्यांना महाग पडतं.

गोक्यो री (५,३५७ मीटर) तिसऱ्या दिवशी सकाळी, खाली निघण्याआधी. दोन ते तीन तासांची सरळ चढण. आठ हजारांवरची चार शिखरं, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि चोयू, एकाच ठिकाणाहून दिसतात. सूर्य एव्हरेस्टच्या बाजूने उगवत असल्यामुळे पहाटे फोटो काळपट येतात. प्रकाशासाठी संध्याकाळ चांगली, पण अंधारात उतरावं लागतं आणि ढगांचा भरवसा नाही. ज्यांना बरं वाटत नाही त्यांनी ही चढण सोडून द्यावी, रेंजो लावरून तेच पाहून झालेलं आहे.

पूर्व काठाने फोर्त्से आणि पांगबोचे

गोक्योहून उतरणारी नेहमीची वाट माछेर्मो-दोलेवरून पश्चिम काठाने जाते. हिमनदीच्या तोंडाखाली नदी ओलांडून ना वस्तीत उतरलं, की थारे आणि कोनारवरून पूर्व काठाने फोर्त्सेला जाता येतं. ना ते फोर्त्से पाच-सहा तास. माणसं फारच कमी. लॉजही मोजकेच आहेत, म्हणून कोणते उघडे आहेत ते गोक्योत विचारून निघा. बंद असतील किंवा नुकतं बर्फ पडलं असेल तर मुकाट्याने पश्चिम काठ धरा.

फोर्त्सेच्या उतारावर भूर्जाचं रान आहे. पहाटे आणि संध्याकाळी तिथे डांफे दिसतो, नेपाळचा राष्ट्रीय पक्षी, धातूसारख्या चमकत्या रंगांचा. नशीब असेल तर कस्तुरीमृगही. रानात आवाज न करता पंधरा मिनिटं थांबणाऱ्यालाच ते दिसतात. या लहानशा गावातून एव्हरेस्टवर जाणारे कितीतरी शेर्पा निघाले आहेत, आणि त्यांना दोर-बर्फाचं शास्त्रशुद्ध शिक्षण देणारं खुंबू क्लाइंबिंग सेंटरही इथेच आहे.

फोर्त्से ते वरचं पांगबोचे ही कड्याच्या अंगावरून जाणारी वाट तीन तासांची. समोर अखंड आमा दब्लाम. झारळांचे (हिमालयातल्या रानबकऱ्यांचे) कळप वाटेच्या वर चरतात आणि त्यांच्या खुरांनी खडे सुटतात. कळपाच्या थेट खाली थांबून फोटो काढू नका. याक आले की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. वळताना सामानाचा धक्का बसतो.

पांगबोचेचा गोम्पा सतराव्या शतकातला, खुंबूतला सर्वांत जुना मानला जातो. भोवती म्हाताऱ्या धूपीच्या (ज्युनिपरच्या) झाडांचं वन आहे. मठ स्थापणाऱ्या लामा सांगवा दोर्जे यांनी आपले केस कापून फेकले, त्यांतून ही झाडं उगवली असं गाव मानतं. म्हणून एक फांदीही तोडत नाहीत. जवळ जाऊन पाहा, साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि खोडं दोरासारखी पिळलेली आहेत. मणी-भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं.

दुसऱ्या दिवशी आमा दब्लाम बेस कॅम्प, सुमारे ४,६०० मीटर. जायला तीन, यायला दोन तास. नदीपर्यंत उतरून पुन्हा चढायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तंबूंची वस्ती असते, तिथल्या स्वयंपाकाच्या आणि शौचाच्या जागांपासून लांबूनच फिरा.

परतीचा भाग

पांगबोचे ते नामचे एका दिवसात होतं, सहा-सात तास. देबोचेचं रान आणि तेंगबोचेचा मठ वाटेतच आहेत. १९३४ च्या भूकंपात हा मठ पडला, १९८९ मध्ये जळाला, दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. इथून पुढे पुन्हा गर्दी.

नामचेहून लुक्ला एका दिवसात उतरताना पायाची नखं काळी पडतात. सकाळी निघण्याआधीच नखं बारीक कापा आणि बुटाची वरची नाडी घट्ट, पुढची सैल बांधा. लुक्ल्याला पोचल्यावर अंघोळीच्या आधी विमान कंपनीत जाऊन दुसऱ्या दिवशीचं तिकीट पक्कं करा. हवा बिघडली की राखीव दोन दिवस इथेच लागतात. काठमांडू-मुंबईचं तिकीट त्यानंतरचंच हवं.

आणि नामचे सोडताना एक काम. सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती दळलेला, बांधलेला कचरा एकेक किलोच्या पिशव्यांतून ट्रेकर्सकडे देते. एक पिशवी सॅकमध्ये टाकायची आणि लुक्ल्याला विमानतळाजवळ जमा करायची. परतीच्या सॅकेत खाऊ संपल्यामुळे तेवढी जागा झालेलीच असते.